अंगणशाळेचं फाटक

माझ्या बालवाडीच्या भिंतीवर तीन वाक्यं रंगवलेली आहेत. मुलापेक्षा खाली बसा. विचारल्याशिवाय सांगू नका. मुलाच्या हातातलं काढून घेऊ नका. ही वाक्यं माझी नाहीत. गडचिरोलीच्या जंगलात राहणाऱ्या यशोधराबाई नावाच्या शिक्षिकेची आहेत. त्यांच्या शिकवण्याच्या रीतीला आम्ही 'अंगणपद्धती' म्हणतो. त्यांच्याच एका विद्यार्थिनीकडून पुण्याच्या शिबिरात मी ती शिकले आणि साताऱ्यात घराच्या पडवीत बालवाडी सुरू केली. खुद्द बाईंना मात्र मी कधी पाहिलं नव्हतं. त्या शिबिरांना येत नाहीत, भाषणं करत नाहीत आणि फोनही ठेवत नाहीत.

या वर्षी दिवाळीनंतर पालकांनी मला घेरलं. शेजारच्या इंग्रजी शाळेतली एवढीएवढीशी मुलं पानं भरभरून लिहितात आणि आमची अजून चिंचोक्यांशी खेळतात, हे त्यांना सहन होईना. लिहायला शिकवणार असाल तर सांगा, नाहीतर आम्ही मुलं काढतो, असं तोंडावर सांगून गेले. रागावावं तर त्यांचंही काही चुकत नव्हतं. मी म्हटलं, ज्यांची ही पद्धत आहे त्यांनाच विचारून येते. म्हणून जानेवारीत चंद्रपूरच्या गाडीत बसले. उत्तर घेऊन परत यायचं, एवढंच काम होतं.

गडचांदूर

गोंधळाची सुरुवात चंद्रपूरच्या बसस्टँडवरच झाली. पोह्यांच्या गाडीवाल्याने बशीत पोहे घेतले, वर लालभडक तर्री ओतली आणि विचारलं, "सांबार टाकू का?" तर्रीवर आणखी इडलीचं सांबार कोण घालून घेणार? मी घाईघाईने नको म्हटलं. मग शेजारच्या माणसाच्या बशीत त्याने मूठभर कोथिंबीर टाकली. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मराठीच ऐकत होते, तरी कळत नव्हतं.

आधी गडचांदूरला जायचं ठरवलं होतं, कारण पहिली अंगणशाळा तिथल्या एका वस्तीत, बुद्धविहाराच्या अंगणात भरली होती. बाई मूळच्या कोरपन्याकडच्या. आईवडील दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जात. बाई शिकल्या, सरकारी शाळेत लागल्या, आणि मग ती नोकरी सोडून त्यांनी अंगणात मुलं गोळा केली. पुढे त्या जंगलातल्या गावी गेल्या, एवढं मला शिबिरात सांगितलं होतं. राजुरा सोडलं की रस्त्याकडेच्या झाडांची पानं हळूहळू राखाडी होत जातात. सिमेंटच्या कारखान्यांची धूळ. शेतांत कापूस फुटलेला होता, आणि त्यातला पांढरा रंग कापसाचा किती आणि धुळीचा किती, ते बसमधून सांगता येत नव्हतं.

अन्वरभाई सुतारांचं दुकान लगेच सापडलं. अंगणशाळेची पहिली लाकडी खेळणी यांनीच केली होती. सत्तरीचे असतील. त्यांनी मला स्टूल दिलं, चहा मागवला, आणि बाईंचं नाव काढताच हसायला लागले.

मी मोठ्या श्रद्धेने विचारलं, "विचारल्याशिवाय सांगू नका, हा विचार बाईंना कसा सुचला असेल?"

"सुचला नाई बाई, गला बसला होता तिचा," अन्वरभाई म्हणाले. "धूल किती हाये पाह्यता नं तुमी? आवाजच गेल्ता. डॉक्टर बोलला, बोलाचं नाई. मंग पोट्टे हात धरून जे दाखवाले नेत, तेवढंच खुसफुस करून सांगे."

"आणि मुलापेक्षा खाली बसायचं?"

"विहारात खुर्ची कुठी होती? लहान पोट्टे पायऱ्यायवर बसत, बाई खाली फरशीवर."

तिसऱ्या वाक्याचं विचारायची मला भीतीच वाटली, पण त्यांनी आपणहून सांगितलं. एका मुलाने त्यांची पटाशी उचलली होती. बाईंनी घाबरून ती हिसकावली, तेव्हा पातं दोघांच्याही तळव्यातून फिरलं. तेव्हापासून मुलाच्या हातातली वस्तू ओढायची नाही, समोर हात पसरून मागायची, असं ठरलं.

या तीन वाक्यांवर मी लेख लिहिले होते. विहाराच्या अंगणाचा आणि 'स्वतःच स्वतःचा दिवा व्हा' या बुद्धवचनाचा संबंध जोडून दाखवला होता.

"म्हणजे यात विचार असा काही नाहीच?"

"ते मले काय मालूम? मी सुतार मानूस." अन्वरभाईंनी रंध्याच्या तोंडातला भुसा फुंकला. "पर एक गोष्ट हाये. गला ठीक झाल्यावर बी बाई चूपच राह्यली. लोक बोले, आता तर शिकव. नाई शिकवलं. ते काऊन, ते तुमी तिलेच विचारा."

चामोर्शी

दुसऱ्या दिवशी गोंडपिपरी, आष्टी करत वैनगंगेच्या पुलावरून चामोर्शीला पोचले. नदी ओलांडली की कापूस संपतो आणि धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, सुरू होतात. कापणी झालेली, खाली लाखोळीचं कडधान्य हिरवंगार उगवलेलं. चामोर्शीत आठवडी बाजार होता. मासळीचा वास, बांबूच्या टोपल्यांचे ढीग, आणि वालाच्या हिरव्या शेंगा 'पोपट' म्हणून ओरडून विकणाऱ्या बाया. पुढच्या गावाची जीप कधी आहे असं एका शेंगावालीला विचारलं.

"येऊनच राह्यली," ती म्हणाली.

मला वाटलं, येतेच आहे. पिशवी उचलून उभी राहिले. बराच वेळ गेला. पुन्हा विचारलं. ती पुन्हा तेच म्हणाली, "येऊन राह्यली नं जी, बसा." मग तिनेच माझी विचारपूस केली. "यशोधराबाईच्या शाळेत जाता? तिकडं तर वाघ हाये."

"जंगलात वाघ असणारच," मी शहाण्यासारखं म्हटलं.

"तसा नाई. मानसं मारते थो. पोळ्यानंतर एक बाई नेली. सरपनाले गेल्ती." तिने शेंगा निवडणं थांबवलं नाही. "जा, पन उजेडाचं पोचा."

जीप आलीच नाही. बाजाराला स्कूटीवर आलेल्या सगुणाला शेंगावालीने माझ्याकडे पाठवलं. सगुणा गावचीच, गोंड मुलगी, बाईंच्या शाळेतली दुसरी शिक्षिका. गाव गोंडी बोलणारं, म्हणून बाईंना ती लागते. भाजीच्या दोन पिशव्या, मी आणि ती असे निघालो. घोट गाव मागे पडलं आणि दोन्हीकडे सागाचं रान सुरू झालं. सगुणा भरधाव चालवत होती. माझी ओढणी उडाली म्हणून मी थांबायला सांगितलं.

"राहू द्या ओढनी," ती मागे न बघता म्हणाली. "मधी थांबाचं नाई."

शाळा

अंगणशाळेला भिंत नसते. शिबिरात आम्हाला हे पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मूल येईल, जाईल, मन रमेल तिथे थांबेल. माझ्या पडवीचं दार मी त्यासाठीच काढून ठेवलं आहे. आणि इथे मोहाच्या झाडाभोवतीच्या, खुद्द बाईंच्या अंगणाला माणसापेक्षा उंच तारेची जाळी होती, जाळीला आतून बांबू बांधलेले, आणि लोखंडी फाटकाला कडी.

आतून मोठमोठ्याने पाढे ऐकू येत होते. बे एके बे, बे दुणे चार. मुलं रांगेत बसून डोलत होती. मला वाटलं, आपण दुसऱ्याच शाळेत आलो.

पांढरं लुगडं नेसलेली एक ठेंगणी बाई फाटकाशी आली. याच यशोधराबाई हे ओळखून पाया पडायला वाकले तर त्यांनी मला मध्येच धरलं. "या जी. लय दूरून आल्या. आंगोदर जेवून घ्या."

जेवायला भात, लाखोळीची डाळ, अंबाडीची आंबट भाजी आणि जवसाची चटणी होती. आमच्याकडे भाकरीशिवाय पान वाढलं तर पाहुण्याला अपमान वाटेल. इथे भाकरी मागितली असती तर बहुधा यजमानालाच वाटला असता. मी भातावर भात घेत राहिले आणि शेवटी न राहवून विचारलं, "बाई, पाढे?"

"त्यायलेच पाह्यजेत," बाई म्हणाल्या. "मोठे भाऊबहीन आश्रमशाळेतून सुट्टीवर येते, पाढे म्हनते. मंग ह्या लहान्यायले वाटते, आपल्याले काऊन येत नाई? रोज मांगं लागले. मी नाई म्हनू का?"

"पण आपल्या पद्धतीत घोकंपट्टी..."

"आपल्या म्हनजे कोनाच्या?" त्यांनी खरंच न कळून विचारलं.

मग मी माझा प्रश्न काढला. पालक, इंग्रजी शाळा, लिहिणं, सगळं सांगितलं. बाईंनी मन लावून ऐकलं. "तुमची लेकरं काय म्हनते?"

"मुलांना मी विचारलं नाही. पालक विचारतात."

"मंग मले नाई माहीत जी."

"बाई, मी इतक्या लांबून..."

"तुमच्या गावची लेकरं मी पाह्यली नाई," त्या जरा चिडूनच म्हणाल्या. "न पाहता सांगू कसं?"

संध्याकाळी अंगणात शेकोटीशी बसलो असताना अन्वरभाईंनी सांगितलेलं विचारलं. गळा बरा झाल्यावरही गप्प का राहिलात? बाईंनी काटकीने निखारे सारखे केले. "माय कापूस वेचाले नेई मले. सांगत काई नव्हती. मी तिच्या हाताकडं पाहू पाहू शिकली. शाळेत मास्तर दिवसभर सांगे. तेही शिकली. नोकरी लागल्यावर मी मास्तरसारखीच झाली. गळा गेला तवा मायसारखं व्हावं लागलं. पोट्टे जवळ येऊन बसाले लागले. आवाज आल्यावर म्हटलं, आता कायले हाकलू त्यायले?"

हे मात्र मी मनात घट्ट धरलं. इतक्या प्रवासात हातात काहीतरी आलं असं वाटलं. दुसऱ्याच दिवशी तेही निसटलं.

दुपार

खिचडीच्या वेळी सगुणा मुलांना वाढत होती. एक जागा रिकामी दिसली. जानोची. सहा-सात वर्षांची, केसांत पिवळी क्लिप लावलेली पोरगी. सकाळी माझ्या चष्म्यातून जग बघून खूप हसली होती. सगुणाने हाक मारली, झाडामागे पाहिलं, मोरीत पाहिलं. फाटकाची कडी निघालेली होती.

सगुणाच्या हातातलं पातेलं खाली पडलं. ती गोंडीत काहीतरी ओरडली, आणि बघता बघता घराघरांतून माणसं बाहेर आली. कोणाच्या हातात काठी, कोणाकडे डबा, कोणाकडे ताट. सगळे बडवत, ओरडत नाल्याच्या दिशेने धावले. बाईही धावल्या. मला जावं की राहावं कळेना. मीही निघाले तशी बाई वळून ओरडल्या, "तुमी नाई! फाटक धरा! एक बी लेकरू बाहेर नाई गेलं पाह्यजे!"

मी फाटक धरलं. दोन्ही हातांनी, आतून, पाठ लावून. मुलं रडायला लागली होती. जानोचा धाकटा भाऊ धावत आला आणि कडीला लोंबकळला. त्याला बहिणीकडे जायचं होतं. मी त्याला मराठीत समजावत होते, तो मला गोंडीत काहीतरी विनवत होता. आम्हा दोघांनाही एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं. शेवटी मी त्याची बोटं एकेक करून कडीवरून सोडवली. तो मला चावला. मी तरी फाटक सोडलं नाही. बाहेर डबे वाजत होते, मग वाजायचे थांबले, आणि ते थांबणं डब्यांच्या आवाजापेक्षा भयंकर होतं.

मग झाडांतून माणसं परत येताना दिसली. पुढे बाई होत्या आणि त्यांनी जानोला दंडाला धरलं होतं. धड होती पोरगी. खेकडे धरायला तिने नाल्यात बांबूचा सापळा लावला होता, तो बघायला गेली होती. दुसऱ्या हातात तो सापळा अजून होता, ओला, त्यात एक खेकडा वळवळत होता.

फाटकातून आत आल्यावर बाईंनी तिच्या गालावर चापट मारली. जोरात. सगळ्यांच्या समोर.

मुलावर हात उगारू नये हे वाक्य आमच्या भिंतीवर नाही, कारण ते लिहावं लागेल असं कोणाला वाटलंच नव्हतं. बाई जमिनीवर मटकन बसल्या. जानो रडली नाही. गालावर हात ठेवून तिने बाईंकडे पाहिलं आणि हळू आवाजात काहीतरी विचारलं. बाईंनी मान हलवली. "हौ," म्हणाल्या. जानो त्यांच्या मांडीला टेकून बसली. खेकडा सापळ्यातून निघाला आणि अंगणभर तिरका तिरका फिरत राहिला, त्याला कोणी धरलं नाही.

"काय म्हणाली ती?" मी सगुणाला विचारलं.

"तुमाले भेव लागलं होतं का, म्हने."

सभा

दुसऱ्या दिवशी सकाळी पाढे झाले नाहीत. बाईंनी मुलांना झाडाखाली गोल बसवलं. गावातली काही माणसंही आली. बाई म्हणाल्या, "काल मी जानोले मारलं. ते माह्यं चुकलं." हे त्यांनी मराठीत सांगितलं, मग अडखळत गोंडीत. "आता फाटकाचं काय कराचं, ते तुमी सांगा."

सगुणा माझ्या कानात सांगत होती. मला वाटलं होतं, मुलं म्हणतील फाटक काढून टाका. याच मुलांनी लहानपणापासून रान पालथं घातलेलं, मोहफुलं वेचलेली. पण पहिल्याच मुलाने सांगितलं, कडी वर लावा, आमचा हात पोचणार नाही अशी. दुसरा म्हणाला, कुलूप पाहिजे. जानोच्या भावाने आपल्या बहिणीकडे बोट दाखवून काहीतरी ठासून सांगितलं, तेव्हा सगळे हसले. सगुणाने मला त्याचा अर्थ सांगितला नाही.

जानो शेवटी बोलली. कुलूप लावा, पण मला नाल्यावर जायचं आहे. मग बराच वाद झाला. कोणी डबा वाजवायचा, पुढे कोण, मागे कोण. अखेर ठरलं असं, की फाटकाला कुलूप, किल्ली बाईंकडे, आणि रोज जेवण झाल्यावर गावातली दोन मोठी माणसं आली तर सगळ्यांनी मिळून नाल्यावर जायचं. माणसं गोळा करायचं काम मुलांचं. सभा मोडल्यावर मुलं सगुणाला मध्ये घेऊन घरोघर निघाली. एक म्हातारा नाही नाही म्हणत होता, त्याला दोन मुलींनी हात धरून आणलं.

बाई झाडाशी एकट्याच बसल्या होत्या. मी जवळ गेले.

"भिंत नाई बांधाची म्हनून मी सरकारी शाळा सोडली," त्या म्हणाल्या. "आता लेकरंच म्हनते, कुलूप लावा. आता सांगा, मी त्यायचं आयकलं का माह्यंच भेव त्यायच्यात गेलं?"

मी कडीकडे पाहिलं, परवाच त्या मुलाची बोटं मी तिच्यावरून सोडवली होती.

"लेकराच्या मांगं चालाचं, असं मी सांगतलं सगळ्यायले. पन लेकरू वाघाकडं चाललं तर? तवा पुढं जा लागते नं. हे मी कोनालेच सांगतलं नाई. तवा वाघ नव्हता इथी." त्यांनी तळवे चोळले. "लोक येते, म्हनते, बाई, तुमची पद्धत सांगा. मी काय सांगू? रोज सकाळी उठून मले पुन्हा कोडं पडते."

निघताना मी पुन्हा पाया पडायला वाकले, त्यांनी पुन्हा अडवलं. स्कूटीवर बसल्यावर मागे बघितलं तर त्या कुलूप लावत होत्या. ते नवीन होतं, लवकर बसत नव्हतं, आणि आतून मुलं त्यांना गोंडीत सूचना देत होती.

सातारा

परत आल्यावर पालकांची बैठक घेतली. उत्तर आणलं नव्हतं, म्हणून घडलं ते सगळं सांगितलं. गळा बसल्याचं, पाढ्यांचं, चापटीचं, कुलपाचं. काही लपवलं नाही. एक आई मध्येच उठून गेली. तिने दुसऱ्या दिवशी मुलगा काढला, तिच्या पाठोपाठ आणखी काहींनी.

बाकीचे बसून राहिले. मागच्या बाकावर एक वडील होते. हार्डवेअरचं दुकान आहे त्यांचं. लिहिण्यावरून सगळ्यात जास्त भांडलेले तेच. ते म्हणाले, "म्हणजे मॅडम, लिहायला शिकवायचं का नाही, ते तुम्हालाही माहीत नाही?"

"नाही," मी म्हटलं.

"मग मी दोन दिवस येऊन बसू का? स्वतःच बघतो."

आले. दोन दिवस झाले तरी येत राहिले. आता दर शनिवारी दुकान भावाकडे देऊन येतात आणि कोपऱ्यात मांडी घालून बसतात. त्यांची मुलगी काही वेळा त्यांच्याकडून अक्षर काढून घेते, काही वेळा त्यांना हाकलून देते. परवा मी विचारलं, काय ठरलं मग तुमचं?

"मॅडम, भांडत होतो तेव्हा मला सगळं कळत होतं," ते म्हणाले. "आता काही कळंना झालंय."

मी त्यांना म्हटलं, सरका जरा, आणि शेजारी बसले.